दुसऱ्या गाण्याला बसावं लागतं

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी फोनवर सांगितला, 'दुसरा डाव'. म्हणाले, "पहिल्या यशावर सगळेच लिहितात. दुसऱ्या वेळी माणूस काय करतो, ते जरा बघून या." गाण्याशी माझा जुना जिव्हाळा. मी तरुण रॉक बँडचा दुसरा अल्बम हा विषय मागून घेतला आणि बघायला गेलो बुलढाणा जिल्ह्यात. मुंबई-पुणं सोडून तिकडे कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं. त्याचं उत्तर मेहकरात आहे, पण त्याआधी खामगावची एक खोली बघायला हवी.

जिनिंगमधली खोली

बुलढाणा जिल्ह्यात दोन प्रदेश नांदतात. माणसं बोलतानाही 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असंच बोलतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. मुंबई-नागपूर रेल्वेचा रूळ घाटाखालून जातो. जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा इंग्रजांनी टाकला तो कापसासाठी. त्या कापसाच्या पैशातून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आता त्यातले कितीतरी बंद आहेत आणि त्यांच्या भिंतीतून पिंपळ उगवलेत.

अशाच एका जुन्या आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत चार जण मला भेटले. पोळा होऊन आठवडा झाला होता. ड्रमवर बसणारा दिवसा मोबाइल दुरुस्त करतो. गिटारवाला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बेसवाला वडिलांच्या कृषी केंद्रात बियाण्यांच्या पिशव्या मोजतो. गाणारी मुलगी बी.एड. करते. नावं छापू नका म्हणाले. अल्बम आला की नावं कळतीलच, तोवर घरच्यांना फार अपेक्षा नकोत.

खोलीत शिरताच नजर जाते ती भिंतींकडे. चारही भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या टांगलेल्या. गावातल्या गादीवाल्याकडून उसवलेल्या, पिंजायला आलेल्या गाद्या त्यांनी स्वस्तात उचलल्या, दोरीनं ओवल्या आणि खिळ्यांना अडकवल्या. मोठ्या शहरातले स्टुडिओ यासाठी काचेच्या लोकरीचे ठोकळे आणि फोम विकत घेतात. कापूस पिकवणाऱ्या गावानं आपल्या परीनं तोच उपाय शोधला होता, आणि तो शास्त्राला धरून आहे. सच्छिद्र वस्तूत आवाजाची लाट शिरते, धाग्याधाग्याशी घासते आणि तिची ऊर्जा तिथे जिरते.

पण सगळ्याच लाटा जिरत नाहीत. झांजेचा झणत्कार गादी खाऊन टाकते, बेसचा घुमारा मात्र तिला दाद देत नाही. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. त्याच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. चार इंचाची गादी त्याला काय अडवणार? तो घुमारा भिंतीतून पलीकडे जातो आणि पलीकडच्या घरातली भांडी थरथरतात. म्हणून रात्री आठनंतर बेसवाला स्पीकर बंद करून कानाला हेडफोन लावून वाजवतो.

मी बसलो होतो तेव्हा एकाच गाण्याचं एकच वळण चालू होतं. कडवं संपून धृपद येतं, तिथे ड्रमवाल्याचा हात पुढे पळत होता. फोनवर टिकटिक लावलेली, मिनिटाला ९२ ठोके. धृपदाचा जोर आला की तो ९६-९७ वर जायचा. गिटारवाला हात वर करायचा, सगळे थांबायचे, पुन्हा कडव्यापासून. तासाभरात ते वळण मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद सुटली. कोणी चिडलं नाही. शेवटी गाणाऱ्या मुलीनं टिकटिक बंद केली आणि म्हणाली, "तू माह्या श्वासाकडे पाह्य. मी श्वास घेतला की मंगच धृपद." त्या वेळी ते जमलं. फोनच्या ठोक्यांशी मोजलं असतं तर कदाचित एक-दोन ठोके इकडेतिकडे निघाले असते, पण चौघांचा श्वास एक झाला होता.

चहा आला तेव्हा मी विचारलं, पहिल्या अल्बमच्या वेळी असंच होतं का?

"नाही काका," गिटारवाला म्हणाला. "पयल्यात पाच गानी होती. थे तं आमच्यापाशी चार वर्सापासून होतीच. शाळेत गायलो, गनपतीत गायलो, मंग रेकॉर्ड केली. आता दुसऱ्याले आठ पायजेत अन् एकबी जुनं नाही. पयलं गानं आपसूक झालं. दुसऱ्याले बसा लागते."

पहिलं गाणं मेहकरचं

खामगावहून घाट चढून मेहकरला गेलो. अजिंठ्याच्या डोंगरात याच जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा मेहकरच्या कडेनं वाहते. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती पाहायला लांबून माणसं येतात. आणि इथे कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. कंचनी नावाच्या नर्तकीनं इतका उंच महाल बांधायला घेतला की वरून लोणारचा दिवा दिसावा, अशी त्याची कथा सांगतात.

या मेहकरात एक वकील राहत होते, ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा, सिंदखेड राजाचा. वकिली केली मेहकरात आणि १० मे २००० ला गेले तेही मेहकरातच. विशी नुकतीच ओलांडलेली असताना त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी या त्यांच्याच वयाच्या तरुणानं चालीत बांधून गायली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हिज मास्टर्स व्हॉइस' (एचएमव्ही) कंपनीनं तिची रेकॉर्ड काढली आणि ती घराघरांत गेली. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे पहिलं नाव याच रेकॉर्डचं घेतात.

त्याआधी रेकॉर्डवर काय नव्हतं? नाट्यगीतं होती, लावण्या होत्या, भजनं होती, बैठकीतली रागदारी होती. मात्र ज्याला रंगमंच नाही, देऊळ नाही, मैफल नाही, अशा एकट्या तरुण माणसाच्या मनातलं, आजच्या कवीनं लिहिलेलं आणि त्याच पिढीच्या गळ्यातून आलेलं गाणं नव्हतं. तीसच्या दशकात मराठी तरुणांना आपला आवाज त्या रेकॉर्डमध्ये सापडला. पंचवीस वर्षांनी अमेरिकेतल्या पोरांना रॉकमध्ये जे सापडलं, त्याच्या मुळाशी हीच भूक होती: आमचं गाणं आमच्याच वयाच्या माणसानं गावं.

बुलढाण्याला येण्याचं माझं कारण हेच. तरुणांच्या गाण्याचा मराठीतला पहिला डाव या जिल्ह्यातल्या शब्दांवर मांडला गेला. दुसऱ्या डावाचं काय होतं, हे बघायलाही मला हीच जागा योग्य वाटली.

अल्बम म्हणजे पुठ्ठ्याची वही

'शीळ' ज्या तबकडीवर आली तशी एक तबकडी मी नीट हातात घेऊन पाहिली. दहा इंच व्यास, चिनी मातीच्या बशीइतकी जड आणि तितकीच ठिसूळ. हातून पडली तर तुकडेच. तिच्यात लाख असते, तीच बांगड्यांची आणि पत्रांवरच्या मोहरेची लाख. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर बारीक किडे ती तयार करतात, आणि जगभरच्या तबकड्यांसाठी लाख पुरवणाऱ्यांत आपला देश आघाडीवर होता. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. कवितेला कितीही कडवी असोत, गाण्याला तेवढ्यातच उभं राहून तेवढ्यातच संपावं लागायचं.

एका बाजूला एक गाणं, म्हणून कंपनीला नेहमी दुसरं गाणं लागायचंच. उलट बाजू कोरी ठेवून तबकडी विकता येत नाही. 'दुसऱ्या गाण्याचं काय?' हा प्रश्न यंत्रातच कोरलेला होता.

लांबलचक संगीत द्यायचं तर चार-सहा तबकड्या लागत. त्या कागदी पाकिटांत घालून पुठ्ठ्याच्या बांधणीत शिवल्या जात, फोटोंच्या अल्बमसारख्या. म्हणून त्या संचाचं नाव अल्बम पडलं. १९४८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी लाँग प्ले तबकडी आणली. पुठ्ठ्याची वही गेली, नाव राहिलं. रॉकवाल्यांनी पुढे त्या नावाला अर्थ दिला. आठ-दहा गाणी एका सूत्रात ओवायची, कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे ठरवायचं, आणि ऐकणाऱ्याला चाळीस मिनिटं आपल्या घरात बसवून ठेवायचं.

खामगावच्या चौघांना मी विचारलं, आता तर लोक एकेक गाणं ऐकतात, अल्बमचा हट्ट का? बेसवाला एरवी गप्प असतो. तो म्हणाला, "एक गानं म्हंजे ओळख, काका. अल्बम म्हंजे घरी जेवाले बोलावणं."

लगनसराई आणि चातुर्मास

अल्बमचा पैसा येतो लग्नांतून. ड्रमवाला लग्नाच्या बँडमध्ये 'पॅड' वाजवतो. रबरी चौकोनांवर काठी मारली की ढोलकी, तबला, संबळ, हवा तो आवाज निघतो. वऱ्हाडातल्या बँडची गाडी म्हणजे चाकांवरचं दुकानच. मागे जनरेटर, वर कर्ण्यांची उतरंड, मध्ये कीबोर्डवाला, पुढे ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाले आणि ताशे. गाडी चालत असते, वरात नाचत असते, आणि पॅडवाल्याला नवरदेवाच्या मित्रांकडे बघून ताल कधी चढवायचा ते ओळखावं लागतं. ताल पळवण्याची जी खोड खोलीत नडत होती, ती इथल्या पोटापाण्याची होती. वरातीत पळणारा ताल कमाई देतो आणि रेकॉर्डिंगला तोच ताल सावरायला पुन्हा महिना लागतो.

लग्नाचा हंगाम उन्हाळ्यात जोरात असतो. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास बसतो, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत वरात नाही. तेवढ्या चार महिन्यांत चौघांचे हात मोकळे. म्हणजे या जिल्ह्यात रॉकचा अल्बम पंचांग पाहून तयार होतो. पहिल्या पावसाला गाणी लिहायची, श्रावणात चाली बांधायच्या, भाद्रपदात घोटायच्या आणि दसऱ्याच्या आत रेकॉर्ड करायच्या. दसऱ्यानंतर सोयाबीन घरात येतं, कापूस वेचणीला लागतो, आणि घरच्या शेतात कोणी ना कोणी हजर राहावंच लागतं.

नेमके हेच महिने आवाजासाठी वाईट. ढग गडगडले की वीज जाते आणि अर्धं झालेलं रेकॉर्डिंग वाहून जातं. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचा सूर ढळतो. पोळ्याला, होळीला डफडं वाजवणारे लोक आधी शेकोटीवर कातडं शेकून घेतात, मग त्याचा आवाज टणटणीत निघतो. ड्रमवाल्यानं ते लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या ड्रमचं कातडं प्लास्टिकचं आहे, ते शेकता येत नाही. तरी वाजवायच्या आधी तो प्रत्येक ड्रमच्या कडेशी कान नेऊन, किल्लीनं एकेक स्क्रू पाव फेरा आवळत, अर्धा तास स्वर जुळवतो. डफडं शेकणाऱ्या माणसाची सबुरी त्याच्या हातात आहे.

गाणारीचं घर वारकऱ्यांचं. शेगावची गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पंढरपूरला पायी जाते, आणि तिच्या घरातून कोणी ना कोणी सोबत असतं. तिचा आवाज हरिपाठात तयार झाला. टाळ-मृदंगाच्या गजरात शंभर माणसांच्या वर आपला सूर न ओरडता कसा न्यायचा, ते ती तिथे शिकली. इलेक्ट्रिक गिटारच्या पुढे गाताना तेच कामी येतं. पहिल्या अल्बममध्ये तिनं हिंदी गाण्यांसारखा पातळ आवाज लावला होता. दुसऱ्यात ती घरच्या आवाजात, वऱ्हाडीत गाते. मला या अल्बममधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटली.

दुसऱ्या वेळी काय होतं

संगीताच्या धंद्यात जुनं निरीक्षण आहे की पहिल्या अल्बमला आयुष्यभराचा वेळ मिळतो आणि दुसऱ्याला काही महिने. पहिल्यात साठवण असते. दुसऱ्याच्या वेळी कोठार रिकामं आणि दारात पाहुणे.

महाराष्ट्रातलं याचं ठसठशीत उदाहरण मुंबईच्या रॉक मशीनचं. हा बँड १९८४ साली उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल, मार्क सेल्विन, झुबिन बालापोरिया, मार्क मेनेझेस, जयेश गांधी ही त्यातली गाजलेली नावं. त्या काळात आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकला वाजवत. रॉक मशीननं स्वतः लिहिलेली गाणी घेऊन १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. दुसरा अल्बम १९९० चा, नाव 'द सेकंड कमिंग'. धोबी तलावजवळच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव भरू लागला होता, आणि उघड्या आभाळाखाली पोरं पावसात भिजत आपल्या बँडला ऐकत होती.

दुसऱ्या अल्बमनंतर त्यांनी जे केलं ते मला मोलाचं वाटतं. १९९३ मध्ये त्यांनी चालतं नाव सोडलं आणि 'इंडस क्रीड' हे नवं नाव घेतलं. मागून आणलेल्या वेशातून बाहेर पडून आपण कुठल्या मातीचे, हे त्यांनी नावातच सांगितलं. दुसऱ्या खेपेला गाणाऱ्याला हा प्रश्न विचारावाच लागतो: आवडत्या बँडसारखं वाजवून झालं, आता आपण कोण?

समुद्रापार एक छोटं गाव आहे ॲबरडीन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, लाकूडतोडीवर जगलेलं, लाकडाचा धंदा बसल्यावर मोडलेलं. खामगावच्या बंद जिनिंगा पाहताना मला ते आठवत होतं. कर्ट कोबेन त्या गावचा. त्याच्या निर्वाणा बँडचा, सहाशे सहा डॉलरांत रेकॉर्ड झालेला पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ मध्ये आला. दुसरा 'नेव्हरमाइंड' १९९१ चा, आणि त्यानं जगाच्या संगीताची दिशा बदलली. दोन अल्बमच्या मधल्या काळात नवा ड्रमर आला आणि पुन्हा पुन्हा तालमी झाल्या. एका कोठाराच्या जागेत ते वाजवत राहिले. तिथे बसायला जागा होती, तास होते, आणि तेवढ्यावर गाण्याला आकार आला.

अपलोड करण्याआधी

खोलीत दारामागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर आठ गाण्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाजवलं कोणी. खाली चौघांच्या सह्या. पहिल्या अल्बमच्या वेळी हे केलं नव्हतं. सगळ्या गाण्यांवर एकाचंच नाव गेलं, आणि त्यावरून दोन महिने अबोला होता. आता गाणं पूर्ण झालं की आधी सही, मग चहा.

सहीला वजन आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर सिनेमातल्या वा ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कोणी लिहून घेऊनही काढून घेऊ शकत नाही. हा पैसा गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. पण तिथे नाव नोंदवलेलं हवं आणि गाण्यावर आपलं नाव बरोबर लागलेलं हवं. छोट्या गावच्या पोरांचा हक्क बुडतो तो बहुतेक वेळा एवढ्याच कारणानं.

गाणं जगापुढे ठेवणं आता सोपं झालंय. वितरकाच्या संकेतस्थळावर फाइल चढवायची, चौकोनी मुखचित्र जोडायचं, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो. तो त्या रेकॉर्डिंगचा जन्मदाखला. मग एकाच दिवशी गाणं जळगाव जामोदलाही ऐकू येतं आणि जपानातही. एचएमव्हीचं दार आता कोणाला वाजवावं लागत नाही.

मात्र ऐकणारा मिळवणं अवघड झालं. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा की बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. एका तालुक्याच्या गावासाठी हजार हा आकडा मोठा नाही. पण वरातीत ज्यांच्या तालावर हजार माणसं नाचतात, त्यांचं स्वतःचं गाणं हजार वेळा लावायला मात्र कोणाला सुचत नाही.

वकील राहिला, गायक गेला

पुन्हा मेहकरकडे वळतो, कारण 'शीळ'च्या दोघा तरुणांच्या दुसऱ्या डावाची गोष्ट राहिली.

ना. घ. देशपांडे मेहकरात राहिले. गाणं महाराष्ट्रभर गाजत असताना ते कोर्टाची पायरी चढत-उतरत होते. पहिला संग्रह 'शीळ' यायला १९५४ उजाडलं. दुसरा 'अभिसार' १९६३ मध्ये आला. तिसरा 'खूणगाठी' बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये, आणि त्याला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे 'कंचनीचा महाल' लिहून त्यांनी गावच्या पडक्या महालाला कवितेत जागा दिली. छोट्या गावात राहून, घाई न करता, दुसरं आणि तिसरं कसं लिहावं याचा हा एक वस्तुपाठ.

जी. एन. जोशी मुंबईला गेले आणि १९३८ मध्ये एचएमव्हीतच रेकॉर्डिंगचं काम पाहू लागले. स्वतः गायचं ते हळूहळू मागे पडलं आणि इतरांना गायला बसवण्याचं काम पुढे आलं. देशातल्या मोठमोठ्या गवयांची रेकॉर्डिंग त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९६७ साली त्यांनी तीन तरुण वादकांना एकत्र बसवलं: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्या त्या प्रहराच्या रागांतून उलगडायचा अशी कल्पना. 'कॉल ऑफ द व्हॅली' हा तो अल्बम. आपल्याकडे एका सूत्रात ओवलेल्या अल्बमचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून तो सांगितला जातो, आणि पाश्चात्त्य रॉक संगीतकारांनीही तो प्रेमानं ऐकला. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन त्यातलाच एक.

जरा हा धागा हातात धरून पाहा. मेहकरच्या वकिलानं रानातल्या शिळेवर कविता केली. ती गाणाऱ्या तरुणानं पस्तीस वर्षांनी मेंढपाळाची बासरी आणि गिटार एकत्र बसवली, आणि ते सूर जगातल्या रॉकवाल्यांच्या कानी गेले. खामगावच्या खोलीतल्या गिटारला आपण परकी समजतो. तिच्या मागे हा सगळा रस्ता आहे आणि त्याचा एक मैलाचा दगड याच जिल्ह्यात रोवलेला आहे. मी चौघांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ड्रमवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे आमाले कोनं सांगतलंच नाही, काका."

त्याला ते कोणी सांगितलं नाही, ही आपली मोठी चूक आहे असं मला मनापासून वाटतं.

किल्ली

निघायच्या दिवशी कळलं की दसऱ्यानंतर ती खोली रिकामी करावी लागणार. मालकाला सोयाबीनची पोती ठेवायची आहेत. मालक वाईट नाही. तीन वर्षं त्यानं भाडं नाममात्रच घेतलं. पण त्याचाही हंगाम आहे. चौघांची तीन गाणी अजून बाकी होती.

एवढं बघून, ऐकून माझं मत पक्कं झालंय. या मुलांना गुणांची कमतरता नाही, यंत्रांची फारशी नाही, जगाकडे जाणाऱ्या वाटेचीही नाही. त्यांना कमी पडते ती बसायला जागा आणि सलग मिळणारे तास. पहिलं गाणं घरात, शाळेत, गणपतीच्या मांडवात होऊन जातं. दुसऱ्याला खोली लागते, आणि ती शहरात भाड्यानं मिळते म्हणून मुलं शहराकडे निघतात. जी. एन. जोशी गेले तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज आहे.

आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात नगरपालिकेचं सभागृह असतं. ते निवडणुकीच्या सभेला आणि शासकीय शिबिराला उघडतं, एरवी कुलूप. शाळांच्या खोल्या रविवारी रिकाम्या असतात. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्यातून गावोगावी वाचनालयं उभी आहेत. त्यांतल्या कित्येकांत एक तरी खोली धूळ खात पडलेली असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, रात्री दहाच्या आत, भिंतीला गाद्या टांगून, गावातल्या गाणाऱ्या मुलांना ती देणं अवघड नाही. त्याला निधी लागत नाही, ठराव लागतो. आणि ठरावासाठी कोणीतरी बैठकीत विषय मांडावा लागतो.

तो विषय तुम्ही मांडा. तुम्ही वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल, शाळेच्या संस्थेवर असाल, नगरसेवक असाल किंवा एखाद्या बंद जिनिंगचे मालक असाल, तर ही दिवाळी सरायच्या आत एका खोलीची किल्ली तुमच्या गावातल्या एखाद्या बँडच्या हातात द्या. आणि त्यांचा दुसरा अल्बम आला की तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमानं, एकदा तरी पूर्ण ऐका.

खामगावच्या चौघांना दसऱ्याआधी तीन गाणी पुरी करायची आहेत.